ताईचं आजारपण आणि माझं उत्तम नियोजन

३ फेब्रुवारी, सोमवार

ताईला कॅन्सर आहे. मोठ्या आतड्याचा. आज नक्की कळलं. घाबरायचं काहीही कारण नाही. मी आहे.

रिपोर्टात लिव्हरबद्दलही काहीतरी लिहिलंय, पण ते अगदी शेवटच्या ओळीत. महत्त्वाचं असतं तर वर लिहिलं असतं.

निर्णय घेतला. ताईची सगळी काळजी मी एकटा घेणार. घरात आम्ही दोघंच. ताईने लग्न केलं नाही, माझं झालं नाही. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो, ताईनेच मला वाढवलं. आता माझी पाळी. शिवाय माझ्याइतका शांत माणूस शोधून सापडायचा नाही. इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. रोज कुणीतरी नवखा माणूस मला घेऊन खांबावर आदळायला निघतो आणि मी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. कारण माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. इथेही तेच धोरण.

रिपोर्ट ताईला दाखवायचा नाही. कपाटाच्या वर, टायरच्या कॅटलॉगखाली ठेवलाय. ताईने जन्मभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून असलेच नमुने तपासले, त्यामुळे किंचित धोका आहे. पण ती रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. विज्ञान केवढं पुढे गेलंय. तिला काय कळणार.

४ फेब्रुवारी

ताई सकाळी म्हणाली, कपाटावरचा रिपोर्ट खाली काढून फाइलला लाव, वर धूळ बसते. मी विचारलं, वाचलास का? म्हणाली, कसा वाचणार, चष्मा सापडत नाहीये. सुटलो.

(चष्मा तिच्या नाकावर होता. हे दुपारी सिग्नलला थांबलो असताना लक्षात आलं.)

९ फेब्रुवारी, रविवार

धाकटीचा फोन. धाकटी म्हणजे आमची सगळ्यात लहान बहीण, रात्रभराच्या प्रवासावर राहते. येते म्हणाली. स्पष्ट नको म्हटलं. ती आली की रडते आणि पेशंटच्या खोलीत वातावरण पॉझिटिव्ह पाहिजे. मग विचारते, दादा, तू कसा आहेस? म्हटलं, मला काय झालंय? पेशंट ताई आहे. दोन मिनिटांनी पुन्हा तेच, पण तू कसा आहेस? धाकटीला लहानपणापासून मुद्द्यावर राहता येत नाही.

संध्याकाळी टाइमटेबल केलं. पहाटे उठणे. व्यायाम. (आपण फिट तर पेशंट फिट.) ताईचा नाश्ता, सकाळची बॅच, सूप, दुपारची बॅच, ताईबरोबर हलक्याफुलक्या गप्पा, औषधं, स्वयंपाक, कपडे, कॅन्सरविषयी वाचन. सुंदर बसलंय. फक्त झोप कुठे घालायची ते राहिलं. बघू नंतर.

१० फेब्रुवारी

उठायला उशीर झाला. गजर वाजलाच नाही. ताई म्हणते वाजला, तीच उठून माझ्या खोलीत आली आणि बंद केला, कारण मी झोपेत "ब्रेक! ब्रेक!" ओरडत होतो. म्हणजे झोपेतही माझं काम चालू असतं. ही एक प्रकारची बचतच.

व्यायाम उद्यापासून.

१७ फेब्रुवारी

पहिली केमो. सगळं माझ्या नियंत्रणात. डॉक्टर शांत स्वभावाचे आहेत, पण थोडे गोंधळलेले वाटतात. प्रश्न ताईला विचारतात आणि उत्तर मी दिलं की माझ्याकडे बघतात. दुखतं का? मी म्हणालो, नाही. झोप लागते का? मी म्हणालो, छान. भूक? मी म्हणालो, उत्तम. तेवढ्यात ताईने हळूच हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा. मग डॉक्टरांनी मला बाहेरून पाणी आणायला पाठवलं. मी परत आलो तेव्हा त्यांचं बोलणं संपलं होतं आणि दोघंही पाणी नको म्हणाले.

निघताना नर्सने एक कागद हातात दिला. दर गुरुवारी पेशंटची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांची बैठक असते म्हणे, तुम्ही जरूर या. "तुमच्यासारख्यांनी यायलाच हवं." असं आवर्जून म्हणाली. पहिल्याच दिवशी माझी तयारी त्यांच्या नजरेत भरलेली दिसते. नवीन लोकांना मार्गदर्शन हवं असणार. सवड मिळाली की जाईन.

२६ फेब्रुवारी

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. मी त्यांना मनात सीसीटीव्ही म्हणतो. दार किलकिलं ठेवून बसतात. आज जिन्यात अडवून म्हणाल्या, मी दुपारी रिकामीच असते, ताईंपाशी येऊन थांबत जाऊ का, तुम्ही जरा पाठ टेका. म्हटलं, आभारी आहे, पण आमच्याकडे सिस्टिम आहे. म्हणाल्या, तुमचा शर्ट उलटा आहे.

बघितलं तर होता. पण म्हणून कुणी बोलून दाखवतं का?

६ मार्च

ताईच्या तोंडात फोड आलेत. पाणीसुद्धा झोंबतं. काही खात नाही. मी नवीन मिक्सर आणला आणि इंटरनेटवर बघून हाय प्रोटीन सूप केलं. टोमॅटो, मिरी, लसूण, लिंबू. व्हिटॅमिन सी भरपूर. ताईने एक चमचा घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हटलं, फक्त चार चमचे. ती मान हलवत राहिली. मी सांगत राहिलो. तिने तोंड फिरवलं. मग माझा आवाज थोडा चढला. खाणार नाहीस तर बरी कशी होणार, मी काय काय करायचं, तुला माझी काही किंमत आहे का, वगैरे. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला, इतपत चढला.

ताईने वाटी उचलली आणि सगळं सूप प्यायली. माझ्याकडे बघत. मग सगळं उलटून पडलं.

बादली धुवायला बाथरूममध्ये गेलो. नळ पूर्ण सोडून ठेवला. नळाचा आवाज चांगला मोठा असतो. बराच वेळ धूत होतो. बादली आता अगदी स्वच्छ आहे.

७ मार्च

सकाळच्या बॅचला डेंटिस्ट बाई असतात. दातांच्या दवाखान्यात भल्याभल्यांना घाम फोडतात, पण क्लच सोडताना यांनाच घाम फुटतो. सहज बोलता बोलता तोंडातल्या फोडांचा विषय काढला. एका ओळखीच्यांना आहेत म्हणालो. बाईंनी गाडी बाजूला घेतली. (इंडिकेटर दिला नाही. तो वेगळा विषय.) म्हणाल्या, आंबट आणि मिरी पूर्ण बंद. मऊ आणि गार द्या. दही, उकडून कुस्करलेला बटाटा. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने सारख्या गुळण्या. आणि त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा, यावर औषध असतं, सोसत बसायचं नसतं.

हे सगळं मी करणारच होतो.

ताईने संध्याकाळी वाटीभर दही खाल्लं. मी म्हणालो, बघ, माझी पद्धत. ती म्हणाली, हो. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. उगाचच. तिचे केस केमोने गळाले आणि माझे तिच्यासमोर असतात याचं मला हल्ली वाईट वाटतं, म्हणून घरात टोपी घालतो. तिने टोपी काढून बाजूला ठेवली आणि मग हात फिरवला.

१३ मार्च, गुरुवार

आज मार्गदर्शनाला गेलो. बैठकीत गोल खुर्च्या. स्टेज नाही, माइक नाही, आयोजन कच्चं. एक काउन्सेलर बाई आणि दहाबारा माणसं, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. एक गृहस्थ म्हणाले, बायको आजारी पडल्यापासून मी एकदाही पोटभर जेवलो नाही, तिच्यासमोर खाताना चोरी केल्यासारखं वाटतं. एक मुलगी म्हणाली, सगळे आईची चौकशी करतात, मला कुणी काही विचारत नाही, आणि विचारलं तर राग येतो. मी सगळ्यांसाठी मनात सल्ले तयार ठेवले होते.

माझी पाळी आली. भाषण तोंडपाठ होतं. शीर्षक, "नियोजन हेच औषध". मी म्हणालो, माझी ताई. आणि पुढे आवाजच येईना. त्या खोलीत एसी फार आहे. घसा धरला. पुन्हा म्हणालो, माझी ताई. पुन्हा तेच. पाणी दिलं, तरी घसा मोकळा होईना. डोळ्यांनाही एसी बाधला. शेजारच्या मुलीने माझा हात धरला, तिलाही बाधला असावा. कुणी घाई केली नाही.

परत जायचं नाही. त्यांनी आधी एसी नीट करून घ्यावा.

२९ मार्च

केमोच्या फेऱ्या चालू. ताई खूप वाळली आहे. म्हणजे वजन आटोक्यात आलंय.

मला हल्ली पायात गोळे येतात, कान गुणगुणतात आणि काल फ्रिजमध्ये गाडीची किल्ली सापडली. ऋतुबदल. डॉक्टरांना दाखवायचा विचार आला होता, पण डॉक्टरांकडे ताईला न्यायचं असतं, मग माझ्यासाठी पुन्हा कोण जाणार.

धाकटीचा मेसेज, आठवडाभर येऊन राहते, तू फक्त झोप. उत्तर दिलं, "सर्व सुरळीत." नंतर वाचलं तर "सर्व सुरळी" एवढंच गेलं होतं. टाइप करताना डोळा लागला असावा.

८ एप्रिल

डेंटिस्ट बाईंनी आज मोठा चौक एकट्याने पार केला. मी काही बोललो नाही, ब्रेकला पाय लावला नाही. मला स्वतःलाच कौतुक वाटलं की मी यांना किती स्वावलंबी केलंय. बाई म्हणाल्या, सर, तुम्ही घोरत होतात.

म्हटलं, डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकत होतो. बाईंनी गाडी बंद केली, किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, ते ओळखीचे म्हणजे तुमच्या घरातलेच ना? मी म्हणालो, किल्ली द्या. त्या म्हणाल्या, आधी घरी जाऊन झोपा, मगच देईन. माझ्याच गाडीची किल्ली. शेवटी दिली, पण शब्द घेऊन.

१० एप्रिल

दिलेला शब्द पाळण्यासाठी दुपारी घरी जाण्याआधी गाडी झाडाखाली लावून दहा मिनिटं डोळे मिटले. फोन सायलेंटवर. उठलो तर ऊन गेलं होतं.

फोनवर मिस्ड कॉल इतके की स्क्रीन भरली. ताईला केमोनंतरचा ताप भरला होता. तो ताप आला की लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं, हे मला सांगितलेलं आहे, मला पाठ आहे. ताईने मला फोन केले. पुन्हा पुन्हा केले. शेवटी भिंत धरत दारापर्यंत गेली आणि समोरची बेल दाबायला निघाली. दाबावी लागली नाही. काकूंचं दार उघडंच होतं. त्यांनी टॅक्सी बोलावली, तिला नेलं, ॲडमिट केलं, फॉर्मवर नातं या जागी "शेजारीण" लिहिलं.

मी पोचलो तेव्हा ताईच्या हाताला सलाईन होतं. काकू तिचे तळवे चोळत होत्या. मी काकूंना म्हणालो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? वॉर्डातली सगळी माणसं वळून बघायला लागली. काकू उठल्या आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

दोष फोनचा आहे. सायलेंटचं बटण फार हलकं आहे.

फोनचा नाही.

हे पान फाडणार होतो. फाडलं नाही, मागे डॉक्टरांचा नंबर आहे.

२२ एप्रिल

ताई घरी आली. नवीन निश्चय. फोन कायम मोठ्या आवाजावर. दुपारची बॅच बंद. झोप पूर्णपणे बंद करता येणार नाही, पण कमी करता येईल, तसं वाचलंय. काकूंची माफी मागायची. आज त्या दिसल्या, पण मला बुटाची नाडी बांधायची होती.

बूट बिनानाडीचे आहेत.

५ मे, सोमवार

आनंदाची बातमी! स्कॅन झाला, डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. केमो बंद! मला वाटलंच होतं. बराच वेळ बोलत होते, मी मान डोलावत होतो. आता हॉस्पिटलच्या फेऱ्या नकोत, घरीच राहू द्या, आवडेल ते खाऊ द्या, भेटायला येणाऱ्यांना येऊ द्या, घरी नर्स पाठवतो म्हणाले. कुणी बरं झालं की हेच सांगतात. त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरला. अभिनंदनच.

येताना मोठा केक आणला. ताईने बोटभर क्रीम चाटलं. म्हणाली, छान आहे, कशाबद्दल? म्हटलं, केमो बंद. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, अरे वा. काकूंनाही तुकडा नेऊन दिला, बातमी सांगितली. त्या बशी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. धाकटीला फोन केला. रेंज खराब होती, मधूनच तिचा आवाज कापरा येत होता.

केक बराच उरलाय.

८ मे

आता ताईला गाडी शिकवायची. अर्ध्या गावाला शिकवली आणि घरातली बाई कोरडी राहिली. थोडी शक्ती आली की सुरुवात. खरं तर शक्ती येईपर्यंत थांबायचं कारण नाही. रविवारी मैदान रिकामं असतं.

११ मे, रविवार

ताई जिना उतरू शकली नाही. उचलून नेलं. काही वजनच लागलं नाही.

मैदानावर तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, पाठीमागे उशी. मी नेहमीच्या जागी. तिने स्टिअरिंगवर हात ठेवले. मी सांगायला लागलो, हा क्लच, हा ब्रेक, आरशात बघ. तिने आरशात बघितलं. किती वाईट दिसते रे मी, म्हणाली आणि हसली. मी म्हणालो, किल्ली फिरव. तिने फिरवली नाही.

म्हणाली, डॉक्टर परवा काय म्हणाले ते सांग. म्हटलं, सांगितलं ना, केमो बंद. ती म्हणाली, तुझ्या शब्दांत नको. त्यांच्या शब्दांत. जसंच्या तसं.

मी आठवायला लागलो. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. म्हणालो, ते म्हणाले, आजार औषधाला दाद देत नाहीये. लिव्हरभर पसरलाय. अजून केमो दिली तर त्रास तेवढा वाढेल. आता त्यांना दुखू न देणं, एवढंच आपल्या हातात आहे. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, दिवस सांगता येत नाहीत, पण फार लांबचे बेत करू नका.

हे मी बोललो. माझ्याच तोंडाने. मैदानात कुणी नव्हतं.

माझा पाय ब्रेकवर होता. गच्च दाबलेला. गाडी बंदच होती.

ताई म्हणाली, मला फेब्रुवारीपासून माहीत आहे रे. तुला कधी कळतंय याची वाट बघत होते. मग म्हणाली, मला मरायची भीती नाही वाटत असं नाही, वाटते. पण तुला बघून जास्त वाटते. तू जेवत नाहीस, झोपत नाहीस, गाडीत कोसळतोस. मी माझं दुखणं तुला सांगत नाही, कारण तू लगेच मिक्सर सुरू करतोस. घरात पेशंट एकच असू दे. आणि तो मान माझा आहे.

मी म्हणालो, मी नाही जाऊ देणार तुला. ती म्हणाली, बरं. आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. डॅशबोर्डवर डोकं ठेवून रडलो. एसी बंद होता, हे नमूद करतो.

परतताना पुन्हा उचललं. आता वजन लागलं.

१२ मे

सकाळी धाकटीला फोन केला. मोठं मन करून म्हणालो, ये. ती म्हणाली, तिकीट काढलंय, उद्या पोचते, ताईने गेल्या आठवड्यातच बोलावलं मला.

म्हणजे हेही मला न विचारता.

दुपारी ताईला दुखायला लागलं. नर्सने फोनवर सांगितलेलं औषध दिलं, ती शांत झाली. मी मात्र घरात नुसता फिरत राहिलो. समोर गेलो. वाक्य जिन्यातच तयार केलं होतं. "काकू, त्या दिवशीबद्दल माफ करा. तासभर ताईजवळ थांबाल का? मला जमत नाहीये." छोटं, सोपं वाक्य. बेल दाबली. काकू आल्या. मी म्हणालो, थोडी साखर मिळेल का?

काकूंनी माझ्याकडे बघितलं. आत गेल्या, वाटीत साखर आणली, पायात चपला सरकवल्या, स्वतःचं दार ओढून घेतलं आणि माझ्यापुढे चालत आमच्या घरात शिरल्या. ताईपाशी खुर्ची ओढून टेकल्या. मला म्हणाल्या, जा, आडवे व्हा. मी म्हणालो, मी मुळीच दमलेलो नाही. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा संध्याकाळ होती. अंगावर चादर, पायातले बूट कुणीतरी काढलेले. आतून बोलण्याचा आवाज येत होता. ताई काकूंना लॅबमधली कसलीतरी गोष्ट सांगत होती, श्वास लागत होता तरी सांगत होती, आणि दोघी हसत होत्या. कित्येक दिवसांत ताईचं हसणं असं मोकळं ऐकलं नव्हतं. औषधाची वेळ होऊन गेली होती. काकूंनी दिलं असणार.

उठून बसलो. कुणी हाक मारतंय का ऐकलं. कुणी मारली नाही. थोडा वेळ तसाच थांबलो.

मग पुन्हा आडवा झालो.